मधाची परीक्षा

घरांत मध आला म्हणजे त्याची परीक्षा करावयाची, ही आमच्या घरची जुनी चाल. परीक्षक अनेक, आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. आई पाण्याच्या पेल्यांत थेंब सोडी आणि तो सरळ तळाशीं जातो कीं वाटेंतच विरतो, तें पाही. वडील कापसाची वात मधांत बुडवून पेटवीत, आणि ती न तडतडतां जळूं लागली कीं समाधानानें मान हालवीत. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ तर भाकरीच्या तुकड्यास मध लावून तो कुत्र्यापुढें टाकीत. कुत्र्यानें तोंड फिरविलें म्हणजे मध अस्सल! कुत्रें बहुधा तो तुकडा खाऊन टाकी, आणि मग दोष मधाचा कीं कुत्र्याचा, यावर वाद चाले. या परीक्षांवर विसंबतां येत नाहीं, हें आज आम्ही जाणतों. परंतु त्यांच्या मागें एक श्रद्धा होती, आणि ती आमच्या मनांत फार खोल रुजली होती. ती अशी कीं, मध शुद्ध असला म्हणजे झालें. शुद्ध मधापासून कोणास अपाय व्हावयाचा नाहीं.

ही श्रद्धा एका रात्रींत उडाली, आणि तिच्या जागीं तिच्याहूनही वाईट अशी दुसरी एक समजूत येऊन बसली. ती हकीकत सांगतांना आमची मान खालीं जाते. तरी ती सांगितल्यावांचून मधाविषयीं आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें म्हणतां येणार नाहीं.

गोष्ट चाळीस वर्षांहून जुनी आहे. वडिलांच्या नोकरीमुळें आमचें बिऱ्हाड त्या वेळीं देवरीस होतें. तेव्हां देवरी भंडारा जिल्ह्यांत मोडे. गोंदिया हा जिल्हा निराळा झाला तो पुढें १ मे १९९९ रोजीं. नागपुराहून रायपुराकडे जाणारा हमरस्ता गांवावरून जातो, आणि त्यावरून मालमोटारी रात्रंदिवस धांवत. पण रस्ता सोडून चिचगडच्या बाजूस थोडें चाललें कीं रान लागे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, पळस आणि मोह. फाल्गुनांत पळस फुले, आणि त्याच्या मागोमाग मोह गळूं लागे. पहांटेच्या अंधारांत बायामुलें टोपल्या घेऊन मोहाखालीं जमत आणि उजाडेपर्यंत जमिनीवरचीं फिकट पिंवळीं फुलें वेंचीत. त्या दिवसांत साऱ्या गांवावर मोहाचा गोड, जड वास पसरलेला असे. आम्ही कॉलेजांत शिकत होतों आणि सुटींत घरीं येत होतों. तो वास आला कीं सुटी लागली असें आम्हांस वाटे.

याच दिवसांत एक गोंड म्हातारा आमच्या दारीं मध घेऊन येई. आम्ही त्यास 'दादा' म्हणत असूं. तो आईस 'बाई' म्हणे आणि आम्हांस 'बापू'. त्याचा मध आग्या माशीचा. आपल्याकडे मध सांठविणाऱ्या माश्या मुख्यतः चार. उंच झाडास किंवा कड्यास एकच मोठें उघडें पोळें लावणारी रागीट आग्या. झाडाच्या ढोलींत एकाशेजारीं एक पोळीं बांधणारी सातेरी, जिला पेटींत पाळतां येतें. झुडपांत तळहाताएवढें पोळें करणारी फुलोरी. आणि नांगीनें दंश न करणारी चिमुकली पोया. यांतील आग्याच्या वाटेस जाणें हें धाडसाचें काम. म्हातारा अंधाऱ्या पक्षांत, रात्रीं, ओल्यासुक्या पाल्याची चूड पेटवून झाडावर चढे, धुरानें माश्या उठवी आणि पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून आणी. तो मध फडक्यांतून गाळून धुतलेल्या बाटल्यांत भरलेला असे. पैसे घेण्यापूर्वीं तो एक गोष्ट हटकून करी. बाटलींतला थोडा मध आपल्या तळहातावर घेऊन आमच्या देखत चाटी, आणि मगच बाटली पुढें करी. आम्हांस ती त्याची एक लकब वाटे.

त्या वर्षीं चैत्र सरत आला होता. आमचा धाकटा भाऊ, वय वर्षें अकरा, सकाळींच गांवांतल्या मुलांबरोबर रानांत गेला तो तिसऱ्या प्रहरीं परतला. मोहाचीं फुलें मूठमूठ खाल्लेलीं, डोक्यावर टोपी नाहीं, पोटांत दुसरा घांस नाहीं. घरांत आल्याबरोबर कोणाचें लक्ष नाहीं असें पाहून त्यानें आदल्याच दिवशीं घेतलेली मधाची बाटली काढली, वाटीभर मध ओतला आणि पिऊन टाकला. दिवेलागणीच्या सुमारास त्यास घेरी आली. ओकाऱ्या झाल्या, अंग थंड पडलें, आणि तो 'भिंत फिरते' असें म्हणूं लागला. आई घाबरली. शेजारी जमले. आजी म्हणाली, "मधुवनांतले वानर नाहीं का मध पिऊन झिंगले? रामायणांत सांगितलेंच आहे!"

आजीचें प्रमाण वाल्मीकीचें होतें. आमच्यापाशीं त्याहून नवें, म्हणून आमच्या मतें अधिक भारी, असें प्रमाण होतें. दोनच महिन्यांपूर्वीं एका इंग्रजी पुस्तकांत आम्हीं ग्रीक सेनानी झेनोफन याची हकीकत वाचली होती. ख्रिस्तपूर्व ४०१ सालीं इराणच्या गादीसाठीं भांडणाऱ्या एका राजपुत्राच्या बाजूनें कांहीं सहस्र ग्रीक शिपाई लढावयास गेले. तो राजपुत्र मारला गेला, आणि परक्या मुलखांतून ते घराकडे निघाले. काळ्या समुद्राच्या कांठीं, ट्रेबिझोंड शहराच्या वरच्या डोंगरांत, त्यांना मधाचीं पुष्कळ पोळीं सांपडलीं. ज्यांनीं थोडा मध खाल्ला ते दारू प्याल्यासारखे झाले, ज्यांनीं अधिक खाल्ला ते वेड्यासारखे. वांती आणि रेच होऊन एकासही उभें राहवेना, आणि पराभव झालेल्या सैन्यासारखे ते जमिनीवर पडून राहिले. दुसरे दिवशीं सुमारें त्याच वेळीं ते शुद्धीवर आले. मेला मात्र कोणी नाहीं. ही हकीकत आम्हीं त्या रात्रीं जमलेल्या मंडळींस मोठ्या आवेशानें सांगितली. घेरी, वांती, भ्रम, सारीं लक्षणें तंतोतंत जुळत होतीं. "हा वेडा मध आहे," असा आम्हीं निकाल दिला.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर रात्रींच येऊन गेले. नाडी पाहून ते म्हणाले, "पोर उन्हांत उपाशी हिंडलें आहे. त्यांत कच्चीं फुलें आणि वर वाटीभर मध. मीठसाखरेचें पाणी देत राहा, सकाळीं खेळूं लागेल." हें निदान आम्हांस फारच साधें वाटलें. डॉक्टरांनीं झेनोफन वाचलेला नाहीं, असें आम्ही मनांत म्हटलें.

सकाळीं भाऊ उठून बसला होता. म्हाताऱ्याच्या कानावर गोष्ट गेली असावी. तो धांवतच आला. अंगणांतूनच त्यानें विचारिलें, "पोरगं बरं हाय का जी आतां?" आईनें होय म्हटलें. मग त्यानें ती बाटली मागितली आणि आमच्या डोळ्यांदेखत तळहातावर मध ओतून घेऊन खाल्ला. एकदां नव्हे, तीनदां. "माझ्या घरीं लेकरं हाच मध खातेत, बाई," एवढेंच तो म्हणाला. याहून उघड पुरावा दुसरा कोणता हवा होता? परंतु जो स्वतःस शिकलेला समजतो त्याला पुराव्याची वाट चुकविण्याची कलाही येते. आम्हीं मंडळींस समजाविलें कीं, यांना लहानपणापासून संवय झालेली असते, म्हणून यांना तो बाधत नाहीं. बाटली माळ्यावर ठेवून दिली आणि तिच्यास हात लावूं नये अशी सर्वांस ताकीद दिली.

त्या दिवशीं आठवडी बाजार होता. म्हाताऱ्याजवळ सहासात बाटल्या होत्या. एक खपली नाहीं. गिऱ्हाईक थांबे, कोणी तरी कानाला लागे, आणि गिऱ्हाईक पुढें जाई. कॉलेजांत शिकणारा मुलगा इंग्रजी पुस्तक वाचून सांगतो आहे, मग खोटें कसें असेल? उन्हें उतरल्यावर त्यानें बाटल्या कावडींत घातल्या आणि तो रानाच्या वाटेस लागला. तें आम्हीं दुरून पाहिलें; आणि सांगावयास लाज वाटते कीं, आपल्या शब्दास गांवांत एवढें वजन आहे याचा आम्हांस त्या क्षणीं थोडा आनंदही झाला.

चवथे दिवशीं आई कांहीं कामासाठीं माळ्यावर चढली, तों बाटली रिकामी. भाऊ कोपऱ्यांत उभा. त्यानें रोज दुपारीं थोडा थोडा करून सारा मध संपविला होता, आणि त्याला कांहीं एक झालें नव्हतें.

अर्धें वाचलेलें पुरें वाचण्याची बुद्धि आम्हांस अशा रीतीनें अपराध घडल्यावर झाली. वेडा मध ही भाकडकथा नव्हे, तो खराच आहे. काळ्या समुद्राच्या कांठच्या डोंगरांत ऱ्होडोडेंड्रॉन जातीचीं झुडपें आहेत, कांहीं जांभळ्या फुलांचीं, कांहीं पिंवळ्या. त्यांच्या फुलांतल्या रसांत एक विष असतें. त्यास आज ग्रेयानोटॉक्सिन म्हणतात. आपल्या मज्जातंतूंत आणि हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण आंत घेण्याचीं जणूं कांहीं दारें असतात. तीं उघडावीं आणि लगेच मिटावीं, असा नेम. हें विष तीं दारें मिटूं देत नाहीं. मग नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, घेरी व वांती होते. बहुधा एका दिवसांत माणूस सांवरतो. नाडी फारच मंदावली तर डॉक्टर ॲट्रोपिन टोंचतात. तुर्कस्तानांत या मधास 'देली बाल', म्हणजे वेडा मध, असेंच म्हणतात. तेथें तो औषध म्हणून घेण्याची चाल आहे आणि तो खाऊन रुग्णालयांत येणारे लोकही आहेत. झेनोफननंतर सुमारें साडेतीन शतकांनीं त्याच मुलखांत रोमन सेनापति पाँपे याच्या तीन तुकड्यांची वाट पाहत तेथील लोकांनीं या मधाचीं भांडीं रस्त्यावर मांडून ठेविलीं, आणि शिपाई झिंगल्यावर त्यांस कापून काढलें, असें स्ट्रेबो हा भूगोलकार लिहितो.

आपल्या बाजूसही हा मध आहे, पण तो हिमालयांत. सर जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ सालीं पूर्व नेपाळांतून गेले. तेथील रानमधाची लोकांस मोठी आवड, परंतु वसंतांत मात्र ते त्यास विषारी मानतात आणि दोष ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांस देतात, असें त्यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केलें आहे. त्यांनाही तेथें ग्रीक शिपायांचीच आठवण झाली. नेपाळांत या फुलास गुरांस म्हणतात व तें त्या देशाचें राष्ट्रीय फूल आहे. आमच्या आग्याहून मोठी अशी तिची एक बहीण तेथील उभ्या कड्यांवर पोळीं लावते, आणि गुरुंग लोक दोरांच्या शिड्यांवर लोंबकळून तो मध काढतात. दक्षिणेंत निलगिरीसारख्या उंच डोंगरांवरही हें झाड आहे. परंतु सह्याद्रीच्या आमच्या भागांत तें नाहीं, आणि झाडीपट्टींतल्या तप्त रानांत तर नाहींच नाहीं. देवरीच्या पोळ्यांत ग्रीकांचा मध यावयाचा कोठून? आम्हीं एका पुस्तकाचें एक पान वाचलें होतें. पण झाड कोठें उगवतें, हा पहिला प्रश्न आम्हीं विचारलाच नव्हता.

मध विषारी कसा होतो, याचें मूळ कारण मात्र सर्व ठिकाणीं एकच. फुलांतला रस पातळ असतो. त्यांत बहुतेक ठिकाणीं अर्ध्याहून अधिक पाणीच. माशी तो पोटांतल्या पिशवींतून आणते, पोळ्यांत एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडीं देते, पंखांनीं वारा घालते, आणि शेंकडा वीस भागांहूनही कमी पाणी उरेपर्यंत तो आटविते. गोडी दाट होते, तसें गोडीबरोबर आलेलें जें कांहीं असेल तेंही दाट होतें. दक्षिण आफ्रिकेंत ईस्टर्न केप प्रांतांत आपल्या निवडुंगाच्या जातीचीं चिकाळ झुडपें माळावर माजलेलीं असतात. त्यांच्या फुलांचा मध मिरीसारखा घसा जाळतो. न्यूझीलंडांत तर याहून चमत्कारिक प्रकार. तेथें 'तूतू' नांवाचें एक विषारी झुडूप आहे. एक बारीक कीटक त्याचा रस शोषतो, त्याच्या अंगांतून गोड चिकटा पाझरतो, आणि माश्या तो चिकटा गोळा करतात. २००८ सालीं असा मध खाऊन तेथें कित्येक माणसें आजारी पडलीं. फूल नाहीं, मकरंद नाहीं, आणि तरी विष मधांत पोंचलें!

आपल्या वैद्यांस हें अगदींच अनोळखी नव्हतें. सुश्रुतानें मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पौत्तिक नांवाचा मध विषाच्या संबंधामुळें उष्ण आणि मद आणणारा असतो, असें तो म्हणतो. तापविलेला मध वर्ज्य सांगतांना चरक आणि सुश्रुत या दोघांनींही मधाच्या ठायीं असलेल्या या विषसंबंधाकडेच बोट दाखविलें आहे. म्हणजे ज्यांनीं मधास औषधांत मानाचें स्थान दिलें, त्यांनींच त्याच्या उगमाविषयीं सावध राहावयास सांगितलें. आम्हीं मान तेवढा उचलला आणि सावधपणा टाकून दिला.

येथें आमच्या घरच्या पेल्याच्या, वातीच्या आणि कुत्र्याच्या परीक्षांचा पोकळपणा उघड होतो. त्या साऱ्या परीक्षा एकच गोष्ट विचारीत: यांत गूळपाणी मिसळलें आहे काय? ट्रेबिझोंडच्या डोंगरांतला मध त्या सर्व परीक्षांस उतरला असता. त्यांत कोणीं कांहीं मिसळलेलें नव्हतें. माशीनें फुलांतून जें मिळालें तेंच प्रामाणिकपणें आणलें होतें. विषारी मध हा खोटा मध नव्हे. तोही खराच मध आहे. शुद्ध म्हणजे निर्धोक, हें समीकरण माणसाचें आहे, माशीचें नव्हे.

उलट, ज्या मधाचें भय धरावयास हवें होतें त्याचें भय आम्हीं कधींच धरलें नाहीं. त्याच म्हाताऱ्याकडून घेतलेला मध, त्या आधींच्याच वर्षीं, आमच्या बहिणीच्या तान्ह्या मुलास सोन्याच्या अंगठीनें चाटविला होता, तोही आनंदानें आणि मंत्र म्हणून. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात. मोठ्यांच्या पोटांत तीं निरुपद्रवी, परंतु तान्ह्याच्या आंतड्यांत रुजून तीं विष उत्पन्न करतात आणि मूल लुळें पडतें. हा रोग वैद्यकास १९७६ सालीं प्रथम ओळखूं आला, आणि तेव्हांपासून एक वर्षाच्या आंतील मुलास मध देऊं नये असें डॉक्टर सांगतात. ईश्वराची कृपा, म्हणून आमच्या भाच्यास कांहीं झालें नाहीं. जेथें धोका होता तेथें आम्हीं मंत्र म्हटले, आणि जेथें नव्हता तेथें गांव गोळा केला.

रिकामी बाटली सांपडली त्याच दिवशीं आम्ही म्हाताऱ्याच्या टोल्यावर गेलों. तो अंगणांत तेंदूच्या पानांचे पुडे बांधीत बसला होता. आम्हीं झालेलें सर्व सांगितलें आणि क्षमा मागितली. तो रागावला नाहीं; रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. थोड्या वेळानें म्हणाला, "बापू, कडू मध असते, गळ्याले लागनाराही असते. तो आमी इकत नाही. आधीं जिभेवर ठेवतो, मंग बाटलींत भरतो." मग पुढें म्हणाला, "पन ज्याले भेव वाटते त्यानं खाऊ नये जी." आम्हीं उरलेल्या साऱ्या बाटल्या घेण्याची तयारी दाखविली. त्यानें एकच दिली, आणि देण्यापूर्वीं नेहमींप्रमाणें तळहातावर थोडा मध घेऊन चाटला. ती लकब नव्हती, हें तेव्हां आम्हांस कळलें. आपण जें दुसऱ्यास देतों त्याचा पहिला धोका आपल्या जिभेवर घ्यावयाचा, हा त्याचा धर्म होता, आणि त्या मधाची तीच खरी हमी होती.

पुढच्या बाजारीं आम्ही त्याच्या शेजारीं उभे राहिलों आणि येणाऱ्याजाणाऱ्यास सांगूं लागलों कीं, आमची चूक झाली, मध उत्तम आहे. लोक हंसत आणि पुढें जात. वेडा मध ही गोष्ट ऐकण्यासारखी होती. चांगला मध यांत ऐकण्यासारखें काय आहे? त्या उन्हाळ्यांत त्याचा मध फारसा खपला नाहीं. पुढील वर्षीं वडिलांची बदली झाली.

आज आम्ही शहरांत राहतों आणि मध दुकानांतून आणतों. २०२० सालीं दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें बाजारांतल्या तेरा छापांचा मध तपासला, तेव्हां सर्व कसोट्यांस उतरलेले छाप तीनच निघाले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असावी असें दिसलें. तें वाचून घरच्या मंडळींनीं पुन्हां पेला आणि वात काढली. आम्हीं मात्र बाटली हातांत घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचली. तींत वजन होतें, किंमत होती, भरल्याची तारीख होती, शुद्धतेची ग्वाही तर तीन ठिकाणीं होती. तो मध कोणत्या रानाचा, कोणत्या फुलाचा, आणि आमच्या आधीं तो कोणीं आपल्या जिभेवर ठेवून पाहिला, हें मात्र तींत कोठेंच लिहिलें नव्हतें.